रत्नागिरीचा समुद्र, आतून

मैत्रिणींनो, रत्नागिरीला तुम्ही येऊन गेला असालच. नसलात तर कधीतरी याल. आपल्याकडे कोकणची सहल म्हटली की गणपतीपुळे, आणि गणपतीपुळे म्हटलं की रत्नागिरी हे ठरलेलंच. टिळकांचं जन्मघर बघायचं, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा बघायचा, भगवती किल्ल्यावर चढून दीपगृहाच्या बाजूने वारा खायचा, मुलं बरोबर असतील तर मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवायचा, संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूत बसून भेळ खायची, आणि आंबापोळी, फणसपोळी, कोकमं अशा पिशव्या भरून परत फिरायचं.

माझं सासर रत्नागिरीचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. म्हणजे हा सगळा कार्यक्रम पाहुण्यांना घेऊन मी निदान पन्नास वेळा तरी केला असेल. काळा समुद्र कुठला आणि पांढरा समुद्र कुठला, मांडवीला वाळू काळी का आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरी का, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण खरं सांगू? सव्वीस वर्षं मी समुद्र फक्त काठावरून पाहिला. निऱ्या एका हाताने उचलून धरायच्या, दुसऱ्या हातात पाहुण्यांच्या चपला, आणि घोट्यापर्यंत पाणी. एवढीच आमची त्याची ओळख.

गेल्या डिसेंबरात मात्र मी त्याच्या आत जाऊन आले. तोंडात हवेची नळी, पाठीवर नळकांडं, अंगात पाणबुड्यांचा काळा रबरी पोशाख. वीसेक फूट खाली. वय वर्षं एकोणपन्नास.

हे सगळं कसं घडलं ते सांगतेच. पण तुम्हाला लिहायला बसले आहे ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. तो रबरी पोशाख केंद्रवाले देतात, पण त्याच्या आत काय घालायचं, हे मला कुणीही नीट सांगितलं नाही. आणि त्यापायी माझी पहिली खेप फुकट गेली.

घडलं ते असं. माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला नोकरी करते. सुट्टीत आजोळी आली ती बेत ठरवूनच. किल्ल्याच्या त्या बाजूला हल्ली पाण्याखाली नेऊन आणतात, आपण जायचं. "मामी, तुला पोहता येतं ना? मग तू येतेस." मी नाही म्हणायच्या आत तिने नावं घालूनही टाकली होती.

पोहता येतं, हे खरं. माझं माहेर कऱ्हाडच्या बाजूचं. मळ्यातल्या विहिरीत वडिलांनी आम्हा भावंडांना पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. मी परकर-पोलक्यात पोहायची. परकर पाण्यात फुग्यासारखा फुगायचा, पायांत यायचा, तरीही मी थोरल्या भावाच्या आधी काठ गाठायची. तेराव्या वर्षी ते बंद झालं. कुणी रागावलं नाही, कुणी काही सांगितलंही नाही. आई एवढंच म्हणाली, "आता ओला परकर अंगाला चिकटलेला बरा दिसत नाही." म्हणजे बघा, माझं पोहणं थांबलं ते पाण्यामुळे नाही, कपड्यांमुळे. तेव्हा या वयात पुन्हा पाण्यात उतरायचं म्हणताच पहिला प्रश्न मनात आला तो तोच. अंगात काय घालायचं?

केंद्रावर फोन लावला. तिकडून एक मुलगा अगदी आदराने म्हणाला, "काकू, काहीही चालतं. टी-शर्ट-लेगिंग घाला, वरून आमचा सूट असतोच." भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं कॉस्च्युम घे एखादा, त्यात काय?" ह्यांना विचारण्यात तर अर्थच नव्हता. मग मी आपल्या मनाने बाजारात गेले आणि आपण बायका जे बघून घेतो तेच बघून घेतलं, म्हणजे झाकतं किती! छान झालरीचा स्कर्ट असलेला, गळ्यामागे बंद बांधायचा, आत जाड फोमचे कप असलेला निळ्या फुलांचा कॉस्च्युम. स्कर्टखाली पाय उघडे राहतील म्हणून घरातलीच एक सुती लेगिंग गुडघ्याशी कापून शिवली. आरशात बघितलं. अंगभर आणि शोभिवंत. आता याहून आणखी काय हवं, असं वाटलं.

तिथे गेल्यावर तो सूट अंगात चढवताना पहिली शंका आली. वेटसूट म्हणतात त्याला. तो सैल नसतो हो. मोज्यासारखा अंगाला घट्ट बसावा लागतो, तरच त्याचा उपयोग. माझी कल्पना अशी, की तो रेनकोटसारखा पाणी बाहेर ठेवतो. तसं मुळीच नाही. पाणी आत शिरतंच. शिरलेला पाण्याचा पातळ थर सूट आणि कातडी यांच्यामध्ये अडकून राहतो, अंगाच्या उबेने कोमट होतो आणि बाहेर जात नाही. आणि त्या रबरात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात, ते ऊब धरून ठेवतात. अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर नावाचा एक पदार्थविज्ञानाचा शास्त्रज्ञ होता, त्याला ही कल्पना १९५१-५२च्या सुमारास सुचली. उबेसाठी माणूस कोरडा असायलाच हवा असं नाही, हे त्याने ओळखलं. थंडीत ओल्या गोधडीतसुद्धा मूल कसं उबेला झोपून राहतं, हे ज्यांनी पाहिलंय त्या आयांना हे पटायला वेळ लागणार नाही!

आपल्याकडचा समुद्र काही गार नाही. हिवाळ्यात सव्वीस-सत्तावीस अंश, मे महिन्यात तीसच्या जवळ. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीस पट लवकर ओढून घेतं, म्हणून अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरते. शिवाय खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात, त्यांच्यापासूनही हा सूट वाचवतो. म्हणून तो हवाच.

तर आत सुती लेगिंग, त्यावर झालरीचा स्कर्ट, आणि त्यावर हे मोज्यासारखं रबर. दोघीतिघींनी ओढून एकदाचं ते माझ्या अंगात बसवलं. स्कर्ट वर गोळा होऊन कमरेभोवती त्याचा पीळ झाला. लेगिंग मांड्यांत चुण्या पडून बसली. गळ्यामागची गाठ नेमकी सुटाच्या चेनीखाली आली. वरून कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला. हवेच्या बुडबुड्यांमुळे सूट तरंगू बघतो, म्हणून ही वजनं लागतात. पट्टा बसला तो थेट त्या पिळावर. मी म्हटलं, थोडं टोचतंय, पण होईल सवय. चारचौघांसमोर कुठे कमरेत हात घालत बसायचं!

पाण्यात उतरले. तोंड पाण्याखाली घालून नळीने श्वास घ्यायचा सराव करायचा होता. पहिले चार श्वास बरे गेले. मग वाटायला लागलं, छाती पूर्ण भरतच नाहीये. फोमचे कप पाणी पिऊन दगडासारखे झालेले, कमरेला दोरखंड आवळल्यासारखं, आणि मानेवर गाठ. मी वर आले. पुन्हा गेले. पुन्हा वर. शिकवणारा मुलगा धीराचा होता, घाई करत नव्हता. पण तिसऱ्यांदा मी हात हलवून नको नको अशी खूण केली. झालं, मला काठावर आणून सोडलं आणि भाची एकटी गेली. मी टॉवेल गुंडाळून बसले. जवळ बसलेल्या एका गृहस्थांनी समजूत घातली, "या वयात भीती वाटायचीच हो." मी मान डोलावली. मलाही तेच खरं वाटलं.

घरी आले ती गप्पच. न्हाणीघरातून बाहेर पडले तेव्हा पोटऱ्यांपासून मानेपर्यंत वळ उठले होते. कमरेभोवती तर लालभडक कडं. तेल लावायला सासूबाईंना हाक मारली. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नजर थोडी अधू झाली आहे, पण चाळीस वर्षं घरात मशीन चालवून आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत त्यांनी. त्यांनी वळांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय गो?" मी म्हटलं, घाबरले हो आई, नाही जमलं. त्या पुन्हा वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, "घाबरल्याचे वळ उठत नाहीत अंगावर. हे शिवणीचे वळ आहेत. आण तो झगा इकडे."

मी तो ओला कॉस्च्युम आणून दिला. त्यांनी तो पहिल्याप्रथम उलटा केला. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. आपण दुकानात कपडा सुलट बघतो, रंग बघतो, फुलं बघतो. शिवणारी बाई कपडा उलटा करून बघते. त्यांनी काखेतली शिवण दाखवली, ती उभी राहिलेली होती. दोन्ही पदर एकत्र धरून वरून गोफ मारला की अशी मांजराच्या शेपटीसारखी कड आत उभी राहते. एरवी ती कळत नाही, पण वरून कुणी हात दाबून धरला तर? सूट म्हणजे तसा दाबून धरलेला हातच. त्यांनी बंदाची गाठ दाखवली, फोम चिमटीत दाबून त्यातलं पाणी काढून दाखवलं, मानेजवळची कडक नायलॉनची कंपनीची चिठ्ठी दाखवली. "हे सगळं वरून दिसायला केलेलं आहे. कुणाला दिसणार आहे ते खाली?"

खरंच की! त्या सुटाच्या आत जे घालायचं ते कुणालाच दिसायचं नसतं. झाकायचं काम वरचा सूट करतो. आतल्याचं काम फक्त अंगाला न बोचण्याचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. आई रिक्षाने आल्या! आणि काय घ्यायचं हे आम्ही असं ठरवलं. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं, लायक्रा मिसळलेलं. सुती अजिबात नाही, कारण सूत पाणी पितं, जड होतं, आणि ओल्या सुतावर रबर सरकत नाही. (गंमत सांगते. हे लायक्रा १९५८ साली ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निघालं, ते बायकांच्या आतल्या कपड्यांतल्या रबराला पर्याय शोधताना. म्हणजे उगम आपल्याच कपाटातला.) आकार एकसंध, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला, अंगाला चपखल. स्कर्ट नाही, झालर नाही, पुढे चेन नाही, बंद नाहीत, कडी नाही, हूक नाही. शिवणी सपाट, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींवर पसरून शिवलेल्या. नखाने चाचपलं तर उंचवटा लागता कामा नये. ज्यांना बाह्या नको असतील त्यांनी बिनबाह्यांचा घ्यावा, पण खांद्याचे पट्टे रुंद हवेत, कारण पाठीवरच्या नळकांड्याचं जॅकेट नेमकं तिथेच बसतं. मागून बंद नको, कारण सुटाची चेन पाठीच्या कण्यावरून जाते. आणि कमरेला नाडी तर नकोच नको, कारण वजनाचा पट्टा.

तुम्ही म्हणाल, मग दोन तुकड्यांचा, पोट उघडं असणारा तो पोशाख वाईट का? सोयीच्या दृष्टीने मुळीच वाईट नाही. सुटाखाली तो सुटसुटीत, कित्येक बाया तोच घालतात. त्याचेही बंद गाठीचे नसावेत, एवढंच. पण सूट काढताना तो ओढून काढावा लागतो, आणि त्याच्याबरोबर आतलाही कपडा खाली ओढला जातो. नावेत आठ अनोळखी माणसं असताना ते नको वाटत असेल, तर अंगभर एकसंध घेतलेला बरा. आणखी एक फायदा म्हणजे गुळगुळीत कापडावरून सूट सरसर चढतो. मला दुसऱ्या खेपेला कुणीही ओढावं लागलं नाही.

दुकानात नुसतं उभं राहून आरशात बघू नका. खाली बसा, उकिडव्या. दोन्ही हात वर करा. पूर्ण श्वास घ्या. खांद्यापासून जांघेपर्यंत ओढ बसत असेल तर तो उंचीला कमी आहे, रुंदीला बरोबर असला तरी घेऊ नका. आपल्यापैकी ज्या अंगाने भरलेल्या आहेत त्यांना मोठ्या मापाचा घ्यावासा वाटतो. पण सैल कापड सुटाखाली चुण्या होऊन बसतं आणि चुणी म्हणजे फोड. बेताचाच घ्या.

घरी आणल्यावर सासूबाईंनी ब्लेडने ती नायलॉनची चिठ्ठी उसवून काढली आणि आतले फोम काढून टाकले. मग म्हणाल्या, "घाल आणि न्हाणीत जा." दोन बादल्या पाण्यात मूठमूठ खडेमीठ टाकून ते माझ्या अंगावर ओतलं, आणि त्याच ओल्या कॉस्च्युमवर मला पंधरा मिनिटं घरात कामं करायला लावली. केर काढ, वाक, हात वर करून फडताळातली बरणी काढ. कुठे काचलं ते कळतं. माझ्या काखेत जरा काचलं, तिथे त्यांनी अर्धा इंच सैल करून दिलं. ही परीक्षा घरी करून बघा बरं का, फुकट आहे.

त्या बरणी काढताना मला सांगत होत्या, की त्यांच्या लहानपणी भाट्याच्या खाडीत, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला कालवं फोडायला आणि मुळे काढायला बायका कमरेएवढ्या पाण्यात जात. आजही जातात. "त्यांचं लुगडं बघ कधी. काष्टा असा कसून मारलेला, की एक निरी सुटी नाही. पाण्यात सुटं काही चालत नाही हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही." मी सव्वीस वर्षं भाट्याच्या पुलावरून जाते आहे. त्या बायका दिसतातही. पण त्यांचा कासोटा मी कधी नीट बघितला नव्हता.

मग मला कोरियातल्या बायकांचं वाचलेलं आठवलं. तिथे जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या हवेच्या नळकांड्याशिवाय, एका दमात बुडी मारून शंख, कालवं, समुद्री वनस्पती काढतात. हेन्यो म्हणतात त्यांना. बहुतेक सगळ्या संसारी, पुष्कळ जणी तर आज्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. १९७०च्या दशकात रबरी सूट मिळायला लागेपर्यंत त्या घरी शिवलेला सुती पोशाख घालीत. त्याची एक बाजू उघडी असे आणि तिथे बंद असत. कशासाठी? अंग वाढलं, दिवस गेले, बाळंतपण झालं, तरी तोच कपडा सोडून-बांधून पुरावा म्हणून. सुती कपड्यात थंडीपायी लवकर बाहेर यावं लागे. रबरी सूट आल्यावर त्यांचे पाण्यातले तास वाढले. पण मला कौतुक वाटतं ते त्या बंदांचं. बाईचं अंग वर्षभर एकसारखं राहत नाही हे लक्षात घेऊन शिवलेला कपडा! आपल्याकडच्या रेडिमेडवाल्यांना कधी कळणार कोण जाणे. (आता वैद्यकीय सल्ला मात्र स्पष्ट आहे. दिवस गेलेले असताना हवेच्या नळकांड्याने पाण्याखाली जाऊ नये.)

आता काही गोष्टी, ज्या विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

पहिली पाळीची. पाळीत पाण्याखाली जाता येतं. त्रास होत नसेल तर मनाई नाही. पण कापड किंवा पॅड चालणार नाही, ते पाणीच पितं. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरण्याची सवय असेल तर ठीक, पण त्याच दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नका. सवय नसेल तर सरळ तारीख पुढे ढकला, समुद्र कुठे जात नाही. गडद रंगाचा कॉस्च्युम घ्यायचा तो याही कारणाने.

दुसरी त्या भाड्याच्या सुटाची. अहो, त्यात आधी कोण कोण शिरलेलं असतं! आणि पाण्याखाली गारव्याने लघवीला होते, तेव्हा सगळेच काही बाहेर येऊन सूट उतरवत नाहीत. स्पष्ट लिहिते आहे, पण संसारी बायकांना कशाला आडपडदा? अंगभर आतला कपडा घेण्याचं माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठं कारण. सूट हातात आला की आधी वास घ्या. कुबट वास आला तर दुसरा मागा. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत उलटा वाळवलेल्या सुटाला नुसता रबराचा वास येतो. सूट बायकांच्या मापाचा आहे का तेही विचारा. पुरुषी मापाचा सूट आपल्याला छातीला आणि ढुंगणाला घट्ट आणि कमरेला ढगळ होतो. आणि गळा आवळत असेल तर ताबडतोब सांगा. सवय होईल म्हणून गप्प राहू नका, गळा आवळल्याने चक्कर येऊ शकते.

तिसरी मंगळसूत्राची. काढायला हवं. साखळी सुटाखाली रुतते, बाहेर राहिली तर नळीत अडकते. बांगड्यांनी सुटाचं मनगट फाटतं, लांब नखांनीही. मला वाटलं होतं आईंना कसं सांगावं. त्यांनी स्वतःच हात पुढे केला, मंगळसूत्र पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि म्हणाल्या, "परत आलीस की सोडून देईन."

केसांना त्या दिवशी तेल नको, चष्म्याचा पट्टा घसरतो. एक घट्ट वेणी घाला, आणि कपाळावरचा एकही केस चष्म्याच्या कडेखाली येऊ देऊ नका, तिथून पाणी झिरपतं. टिकली काढून ठेवा, आपोआप निघतेच. सूट चढवताना पाय अडतो, त्यासाठी दुधाची धुतलेली रिकामी पिशवी पायात घालून पाय आत सारा आणि मग पिशवी काढून घ्या. बघा कसा सरकतो! कपडे बदलायला आडोसा असेलच असं धरून चालू नका. पण परकर दातांत धरून घाटावर भर गर्दीत लुगडं बदलणाऱ्या आपल्या आज्या. आपल्याला कसली चिंता? एक ढगळ मॅक्सी बरोबर ठेवा म्हणजे झालं.

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं दुखणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि केंद्रावरच्या अर्जात लपवू नका. सर्दी असेल तर जाऊच नका, कान उघडत नाहीत. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला, तेव्हा हे बंदच असतं. पाणी निवळतं ते दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रत्नागिरीला नाही जमलं तर मालवण-तारकर्ली आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं! सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून राखीव सागरी अभयारण्य आहे, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची शिकवणारी संस्थाही आहे.

पाच दिवसांनी मी पुन्हा गेले. तोच मुलगा होता. मला बघून थोडा चपापला, पण बोलला काही नाही. सूट चढला. पट्टा बसला, त्याच्याखाली सपाट कापड. मानेवर काही नाही. उकिडवी बसून पूर्ण श्वास घेऊन बघितला, मग पाण्यात गेले.

भीती वाटली का? वाटली की. पहिला श्वास आत घेताना काळजात धडधडलंच. पण भीती आणि काचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वेळी एकच होती, तेव्हा तिच्याकडे लक्ष देता आलं. कान दुखायला लागले तसं शिकवल्याप्रमाणे नाक चिमटीत धरून फुंकर मारली, दडा सुटला. दहा-बारा श्वासांनंतर आपलाच श्वास ऐकू यायला लागतो, हुक्क्यासारखा गुडगुडत. मग मी विसरले. अंगात काय घातलंय, पोट दिसतंय का, कोण बघतंय, सगळं विसरले.

पाणी हिरवट होतं. चित्रात असतं तसं निळंशार नव्हे, तसं आपल्याकडे नसतं, तेव्हा फसवणूक झाली असं समजू नका. खडकावर जांभळट शेवाळ हलत होतं. पट्ट्यापट्ट्यांचे बारीक मासे अंगाशी येऊन बघून जात होते. एका कपारीत चांगला हातभर हेकरू तोंड उघडं टाकून बसला होता, आणि मला एकदम वाटलं, अरे, याला मी आजवर फक्त पाटीतच पाहिला! डोळे असे हलतात हे कुठे माहीत होतं? पाठीवर वळून वर बघितलं तर सूर्य पाण्याच्या वर वितळलेल्या तुपासारखा. विहिरीत तळाला सूर मारून वर बघायची तेव्हा असाच दिसायचा. छत्तीस वर्षं झाली त्याला.

घरी आल्यावर कॉस्च्युम गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढला. साबण किंवा गरम पाणी नको, पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही. मागीलदारी सावलीच्या दोरीवर, आईंच्या लुगड्याशेजारी वाळत टाकला. शेजारच्या वहिनी नारळ सोलायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "हे काय हो नवीन?"

आईंनी पदराची गाठ सोडता सोडता तिकडे न बघताच सांगितलं, "सूनबाईचा पोहायचा पोशाख. हात लावून बघा शिवणीला, किती सपाट आहे ती."